फेड न करणाऱ्यांसाठी दान

वाचावयाचा भाग : लूक, अध्याय १४, वचने १२ ते १४



मेजवानीस कोणास बोलवावे हे शिकविताना प्रभूने धनवान शेजाऱ्यांकडे बोट दाखविले नाही. लंगडे, आंधळे, व्यंग असलेले यांस बोलवा, कारण फेड करण्यास त्यांच्याजवळ काही नाही, असा त्याच्या शिकवणीचा भावार्थ आहे. हे बोलणे मनुष्यांविषयी होते, याचा आम्हांस विसर पडलेला नाही. तथापि दानाची जी कसोटी त्यात आहे, ती घरच्या मुक्या प्राण्यास लावून पाहू.

आम्ही मांजर ठेवतो ते बहुधा उंदरांसाठी. कणगीतले धान्य राखते तोवर त्यास घास मिळतो. तेच गाडीखाली सापडून लुळे झाले, किंवा डोळ्यांच्या विकाराने आंधळे झाले, म्हणजे पोत्यात घालून गावाबाहेर सोडले जाते. अशी मांजरे उचलून आणून सांभाळणारी दयाळू माणसे आज आहेत. त्यांच्यासाठी आम्ही आपणांपुढे झोळी पसरीत आहो.

हा सांभाळ सोपा नाही. कण्यास मार लागलेल्या मांजरास पुष्कळदा आपोआप लघवी होत नाही. दिवसातून दोनतीन वेळा हाताने पोट हळू दाबून ती करवावी लागते, आणि यात हयगय झाली तर प्राणावर बेतते. गाभण मांजरीस एका साथीच्या रोगाने गाठले तर पिलांच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग अपुरा वाढतो. अशी पिले जन्मभर झोकांड्या खात चालतात. परंतु सांभाळणारा हात मिळाला तर आनंदाने जगतात. नुसत्या दूधभाकरीवर मांजराचे भागत नाही. मांसमासळीत टॉरिन नावाचे द्रव्य असते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते असे १९७५ साली, व हृदय दुबळे होते असे १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा खर्च रोजचा आहे, आणि नीट सांभाळलेले मांजर बारापंधरा वर्षेही जगते.

येथेच आमची दया उणी पडते. जखमी पिलू पाहिले त्या दिवशी डोळ्यांस पाणी येते व हात खिशात जातो. महिन्याने पिलू भुकेलेच असते. डोळे मात्र कोरडे झालेले असतात.

या कोरड्या डोळ्यांची किंमत कोण भरतो? आर्थर ब्रूम नावाच्या इंग्रज पाळकाने १६ जून १८२४ रोजी लंडनमध्ये सभा बोलावून प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी संस्था काढली, व तिच्यासाठी आपली मंडळीची जागा सोडली. वर्गणी खर्चास पुरेना. १८२६ साली संस्थेच्या कर्जापायी त्यास तुरुंगात जावे लागले. दयेत तो कमी पडला नव्हता. थैली रिकामी होती. पुढे ती संस्था सावरली, व आजही चालू आहे.

कोणी म्हणेल, माणसे उपाशी असता मांजरांस का द्यावे? प्रश्न रास्त आहे. पण ब्रूमच्या त्याच सभेत विल्बरफोर्स व बक्स्टन हे होते, ज्यांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी आपली वर्षे वेचली. मुक्या जिवाच्या कळवळ्याने त्यांच्या अंतःकरणातील मनुष्याची जागा अडविली नाही.

म्हणून आमची विनंती मोठ्या रकमेची नाही, नेमाची आहे. प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ठराविक पैसे दरमहा बाजूस काढावे. पैसे नसतील त्यांनी जुनी लुगडी व गोधड्या द्याव्या, अथवा बिनमिठाची उकडलेली मासळी पोहोचवावी. औषध मात्र पशुवैद्याच्याच हातचे असावे. माणसांची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विष होते. दिलेल्या पैशाचा हिशेबही अवश्य मागावा, म्हणजे देणारा व सांभाळणारा दोघेही निर्मळ राहतील.

सारफथच्या विधवेच्या मडक्यात मूठभरच पीठ होते. तरी रोजच्या भाकरीस ते सरले नाही. आंधळे मांजर दात्याचे तोंड कधी पाहणार नाही, उंदीरही धरणार नाही. त्यास दिलेला घास कोणत्याही फेडीवाचून दिलेला राहील. असा घास नेमाने देण्याची बुद्धि देवबाप आम्हां सर्वांस देवो. आमेन.