येतो हं!

माझा भाचा पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. अंबडला आईकडे जाता जाता जालन्यात माझ्याकडे टेकला, तेव्हा मी विचारले, "काय रे, मागे एवढी कामं चालू असताना तुमचा पडदा अडून कसा बसत नाही?"

"मामा, चौकातला चहावाला बघा. आधण ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलतो. जावास्क्रिप्टचंही तसंच. लांबणारं काम मागे सोपवायचं आणि हातात ठेवायचं एक 'प्रॉमिस'. २०१५ पासून भाषेच्या नियमांतच आहे ते."

वचने देण्यात माझा हातखंडा. मी सरसावून बसलो.

"त्याच्या अवस्था तीन. पाळलं, मोडलं, नाहीतर लोंबकळलं. मोडलं तर कारण कळतं, पुढची सोय करता येते. लोंबकळलं की चक्र फिरत राहतं. बटणं चालतात, पडदा टवटवीत. वाट बघणारा मात्र बसलेला."

मी चपापलो. अक्काला, म्हणजे याच्या आईला, उन्हाळ्यात मी 'येतो हं रविवारी' म्हणालो होतो. कुठला रविवार, ते बोललो नव्हतो. 'नाही जमत' म्हटले असते तर ती रागावली असती आणि मोकळी झाली असती. वचन मोडणाऱ्याला निदान लाज तरी वाटते. लोंबकळत ठेवणाऱ्याला आपण सज्जन आहोत असेच वाटत राहते. चेहरा हसरा राहिला, पण ही सोय कुणाची?

"आई दर रविवारी दोन पोळ्या जास्त टाकते," भाचा सहज म्हणाला आणि एसटीसाठी उठला. "काय सांगू तिला?"

'येतो हं' अगदी जिभेवर आले होते. ते गिळले आणि चपला पायात सरकवल्या.