१०४२ क्रमांकाचे बिल कुठे गेले?

मार्चअखेर आली की हिशेबतपासनिसाचे बोट बिलांच्या क्रमांकांवरून खाली सरकू लागते. १०४१ आहे, १०४३ आहे, मधले १०४२ नाही. त्याला पहिली शंका येते ती कुणी तरी बिल उडवल्याची. संगणक सांभाळणारा टेबल उघडतो, शोधतो आणि तोही म्हणतो, "नाही." शब्द दोघांचा एकच. पण एकाला म्हणायचे असते 'होते, आता नाही' आणि दुसऱ्याला 'नव्हतेच कधी'. चहा गार होईपर्यंत वाद चालतो.

या 'नाही'वर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके डोके खपवले आहे. जमिनीवर घागर नाही, हे कळते कसे? डोळ्यांना दिसते ती जमीन. मग न दिसणारी घागर ज्ञानात शिरते कोणत्या दाराने? नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. सातव्या शतकातल्या मीमांसक कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. त्याच मीमांसेतले प्रभाकर मात्र म्हणाले की अभाव नावाची वेगळी वस्तूच नाही. आहे ती नुसती मोकळी जमीन.

या वादातली एक अट डेटाबेसवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. ती म्हणजे योग्यता. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच 'दिसत नाही' यावरून 'नाही' म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

हरवलेल्या नोंदींच्या कितीतरी तक्रारी अशा अंधाऱ्या खोलीतल्या असतात. क्वेरीत '३१ मार्चपर्यंत' अशी अट घातली आणि रकान्यात तारखेबरोबर वेळही साठवलेली असली, तर ३१ मार्चची जवळजवळ सगळी बिले गळतात. कारण संगणक नुसत्या तारखेचा अर्थ त्या दिवसाचे शून्य वाजून शून्य मिनिटे असा लावतो. ग्राहकांच्या टेबलाशी इनर जॉइन केला, तर ज्या बिलाचा ग्राहक त्या टेबलात नाही ते बिलही यादीतून निघून जाते. नोंद जागच्या जागी असते, दिवा लागलेला नसतो. म्हणून मुरलेला माणूस आधी साऱ्या अटी काढून टाकतो, एकूण ओळी मोजतो, मग एकेक अट परत लावत कुठे आकडा घसरतो ते पाहतो.

दिवा लावूनही नोंद सापडली नाही, तर पुढचा प्रश्न येतो: हा अभाव कोणत्या जातीचा? अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या सतराव्या शतकातल्या छोट्या ग्रंथात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. १८९७ साली मुंबई संस्कृत मालिकेत निघालेल्या आठल्ये-बोडस यांच्या आवृत्तीतून ते अनेकांनी घोकले असतील.

मडके घडण्याआधीचा तो प्रागभाव. मुख्य सर्व्हरवर लिहिलेली नोंद त्याच्या प्रतीवर पोहोचायला कधी काही क्षण लागतात; अहवाल त्या प्रतीवरून काढला तर ती दिसत नाही. इथे थांबून पुन्हा पाहणे हाच इलाज. मडके फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. नोंद खोडली गेली असेल तर लॉग आणि बॅकअप चाळावे लागतात. नैयायिकांच्या मते प्रध्वंसाला सुरुवात असते, अंत नसतो. तेव्हा बॅकअपमधून परत आणलेली नोंद तीच की तिची जुळी बहीण, यावर त्यांनी एक रात्र सहज जागवली असती. तिन्ही काळांत नसलेल्याचा तो अत्यंताभाव: रोखीने चुकत्या झालेल्या बिलाला चेक क्रमांक नसतोच, तो शोधण्यात अर्थ नाही.

चौथा अन्योन्याभाव, म्हणजे घट हा पट नव्हे. मराठीत याचे झकास उदाहरण 'कऱ्हाड' हे गावाचे नाव. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत जोडून, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. पण तुलना संकेतांकांनुसार होत असेल तर एका प्रकारे टंकलेले कऱ्हाड दुसऱ्या कऱ्हाडला ओळख देत नाही, आणि गावातले निम्मे ग्राहक बेपत्ता होतात.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित डेटाबेसची कल्पना मांडली. न मिळालेल्या माहितीसाठी पुढे 'नल' ही खूण रूढ झाली आणि तिच्याबरोबर खरे व खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' हे तिसरे मूल्य आले. शंभर ग्राहकांपैकी शहर 'पुणे' असलेले ६० आणि 'पुणे' नसलेले ३५ निघाले, तर उरलेले पाच कुठे गेले? त्यांच्या शहराच्या रकान्यात नल आहे. ते पुण्याचे आहेत म्हणवत नाही आणि नाहीत असेही म्हणवत नाही, म्हणून दोन्ही याद्यांतून ते गळाले. कॉड यांनी १९९० च्या पुस्तकात 'माहीत नाही' आणि 'लागूच नाही' यांना वेगळ्या खुणा सुचवल्या. त्यांचे सहकारी ख्रिस डेट यांना नल मुळातच नको होता. कुमारिल आणि प्रभाकर जणू पुन्हा समोरासमोर बसले.

नलचा घोळ रस्त्यावरही उतरला. कॅलिफोर्नियातल्या एका संगणक-सुरक्षा संशोधकाने 'नल' हीच अक्षरे गाडीच्या पाटीवर घेतली. मग ज्या दंडपावत्यांवर गाडीचा क्रमांक भरलेला नव्हता, त्या परक्या गाड्यांच्या पावत्या त्याच्या दारात येऊ लागल्या. रक्कम १२ हजार डॉलरच्या वर गेली. २०१९ च्या डेफ कॉन परिषदेत त्याने ही कहाणी सांगितली.

आता १०४२. मायएसक्यूएलचे इनोडीबी काय किंवा पोस्टग्रेसचा सीक्वेन्स काय, डेटाबेसमधला क्रमांक देणारा गणक व्यवहार रद्द झाला तरी मागे फिरत नाही; फिरला असता तर प्रत्येक व्यवहाराला आधीचा संपेपर्यंत ताटकळावे लागले असते. काउंटरवर बिल सुरू झाले, क्रमांक दिला गेला, मध्येच काही बिनसले आणि सारे रद्द झाले. हा प्रध्वंस नव्हे, कारण बिल पक्के झालेच नव्हते. हा प्रागभावही नव्हे, कारण ते पुढे कधी होणार नाही. सशाच्या शिंगाबद्दल नैयायिक म्हणत की ससा खरा, शिंगही जगात खरे. नाही तो त्या शिंगाचा सशाशी संबंध. तसेच इथे क्रमांक खरा, बिलेही खरी, या क्रमांकाला बिल तेवढे जडले नाही.

हिशेबतपासनिसाचे मात्र एवढ्यावर भागत नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात. म्हणून जाणते प्रोग्रामर बिलाचा क्रमांक आपोआप चालणाऱ्या गणकावर सोपवत नाहीत. त्यासाठी वेगळे टेबल ठेवतात, त्यातल्या ओळीला कुलूप घालतात, आणि बिल पक्के होताना त्याच व्यवहारात क्रमांक देतात. बिल फसले तर क्रमांकही परत जातो. तेवढा वेळ बाकीच्या काउंटरांवरची बिले रांगेत थांबतात.