सही कुणाची?

कापसाचा हंगाम होता. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे पहाटेपासून गाड्यांची रांग लागलेली. त्या रस्त्यापासून थोडं आत, एका घराच्या ओसरीवर दोघं चहाला बसले होते: मराठीचे निवृत्त शिक्षक असलेले मामा आणि मेंदूवर संशोधन करणारी भाची. मामांच्या हाताला कंप आहे. कप उचलला की बशी वाजते.

मामा : ही बशी थांबेल का गं तुझ्या यंत्रानं?

भाची : मामा, यंत्रं दोन तऱ्हेची आहेत. एकात श्राव्यातीत लहरी डोक्याबाहेरून मेंदूतल्या थॅलॅमसच्या एका ठिपक्यावर एकवटतात आणि तो ठिपका तापवून निकामी करतात. कंपासाठी अमेरिकेत त्याला २०१६ साली मान्यता मिळाली. माझं काम दुसऱ्या तऱ्हेचं. त्यात लहरी सौम्य असतात, काही जाळायचं नसतं. पेशींना कुठे जागं करायचं, कुठे निववायचं, एवढंच.

मामा : भिंग तेच, ऊन कोवळं.

भाची : तसंच. १९५८ साली इलिनॉयमध्ये फ्राय बंधूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मांजराच्या मेंदूतलं दृष्टीचं ठाणं असं काही काळ मंद केलं होतं. ते पुन्हा पूर्ववत झालं. २०२५ साली लंडन आणि ऑक्सफर्डच्या गटांनी मिळून तेच ठाणं माणसांत गाठलं. २५६ ध्वनिस्रोतांचं शिरस्त्राण केलं, सात जणांवर पाहिलं. कवटीला कुठे छिद्र नाही.

मामा : मग तुझ्या कपाळावर आठ्या कशाला?

भाची : हे काम एकट्याचं नाही. यंत्र एकाकडे, गणित दुसऱ्याकडे, रुग्ण तिसऱ्याकडे. समजा, उद्या बाहेरचा एखादा गट म्हणाला, तुमच्या सीमाभागातले रुग्ण घेऊ या. हो म्हणावं का?

मामा : नको म्हणावं. इथल्या पेनगंगेचं पाणी वर्धेतून, प्राणहितेतून गोदावरीला मिळून भद्राचलमला जातं. भद्राचलम तेव्हा खम्मम जिल्ह्यात होतं. त्या जिल्ह्यात २००९ साली आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस टोचली. अमेरिकी संस्था होती, सरकारी यंत्रणा सोबत होती. किती तरी संमतीपत्रांवर आईबापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सही केली.

भाची : त्या प्रकल्पातल्या काही मुली दगावल्या, पण ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, मामा. आज तीच लस बायकांचे जीव वाचवते.

मामा : लसीला मी दोष देतच नाही. लस चांगली असून २०१० साली प्रकल्प थांबवावा लागला, २०१३ साली संसदेच्या समितीनं कोरडे ओढले. त्यात सह्यांचा दोष मोठा होता. औषध चांगलं निघालं म्हणून न विचारल्याचा दोष फिटत नाही.

भाची : मान्य. पण नको म्हटलं की सुटलो का? कवटी लहरींना वाकवते, शोषते. हाडाची जाडी, घनता माणसागणिक वेगळी, म्हणून आधी हिशेब मांडावा लागतो. आपल्या माणसांचं एकही डोकं त्या हिशेबात नसेल, तर उपचार आला तरी आपल्या मापाचा असेल का? जपायचं म्हणून दाराबाहेर ठेवायचं, हाही अन्यायच.

मामा : हं. हे मात्र मला सुचलं नव्हतं. आता एक सांग, गावात तू लोकांना काय सांगणार?

भाची : की चिरफाड नाही. दुखत नाही. ऊब दोन अंशांपलीकडे वाढू द्यायची नाही, असे जागतिक संकेत आहेत.

मामा : सोनोग्राफीनं तरी कुणाला ओरखडा काढला होता? त्याच न दुखणाऱ्या यंत्राच्या आधारानं पोटातल्या मुली गेल्या, १९९४ साली कायदा करावा लागला. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग सांगत नसल्याची पाटी लावावी लागते. सुरीला माणूस भितो, म्हणून चार प्रश्न विचारतो. न दुखणाऱ्या यंत्रापुढे तो काही न विचारता डोकं देईल. तेव्हा त्याचे प्रश्नही तुलाच विचारावे लागतील.

भाची : आणि मी ज्याला हात लावणार, ते मन आहे. हो म्हणणारं मनच हललं, तर मागाहून नाही कोण म्हणणार?

मामा : म्हणून एकदा विचारून भागत नाही. दर खेपेला विचार. मराठीत, तेलुगूत, गोंडीत, कोलामीत. (थोडं थांबून) माझं नाव लिही पहिलं.

भाची : नाही, मामा.

मामा : का? मला तर सगळं कळलंय.

भाची : तुम्ही सही माझ्यावरच्या मायेनं कराल. त्या मुलींच्या वतीनं वॉर्डननं केली, तुमच्या वतीनं माया करेल. तुम्हाला नको म्हणताच येणार नाही.

बराच वेळ दोघं बोलले नाहीत. यार्डाकडून कापसाची एक रिकामी गाडी परत गेली.

मामा : मग मी नुसता बसून राहू?

भाची : देशाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीत एक तरी सामान्य माणूस लागतो, वैद्यकाबाहेरचा. माझ्या कामावर तुम्ही बसायचं नाही, नातं आड येईल. पण तिथे बसणाऱ्या माणसाच्या हाती कोणते प्रश्न हवेत, ते लिहून द्या.

मामांनी वही ओढली. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. रेघ थरथरत होती, तरी त्यांनी घाई केली नाही.

भाची : (वाचत) ‘यंत्र बंद केल्यावर काय उरतं?’ लंडनच्या प्रयोगात निदान चाळीस मिनिटं परिणाम टिकला होता.

मामा : ते डोक्यातलं झालं. गुण आला आणि तुम्ही यंत्र गुंडाळून निघून गेलात, तर गावात काय उरतं? तेही त्याच ओळीत विचारलंय.