हद्दीबाहेरचं पाप

विन्या दहा महिन्यांनी इंग्लंडहून सुट्टीवर येतोय हे कळल्यावर आमच्या घरी जो आनंद झाला, त्यातला निम्मा त्याच्या गाडीसाठी होता. विन्या माझा मावसभाऊ. कंपनीने त्याला तिकडे पाठवल्यापासून त्याची गाडी मावशीच्या बिल्डिंगखाली खोळ पांघरून झोपली होती. मला स्वतःला मोटार चालवता येत नाही. लायसन मात्र आहे. ते कसं मिळालं हे वाचकांनी विचारू नये. ज्या एजंटाने ते काढून दिलं, त्यानेही ‘तुम्हाला गाडी येते का?’ असला खासगी प्रश्न मला विचारला नव्हता.

तर वाईला मावशीच्या नणंदेच्या नातवाची मुंज होती. मावशी म्हणाली, “विनू, गाडीने जाऊ. सातला निघालो की साडेनवाला पोचतो.”

विन्या म्हणाला, “आई, एस्टीने जाऊया ना.”

खोलीत शांतता पसरली. विलायतेहून आलेला मुलगा आपणहून एस्टीचं नाव काढतो, तेव्हा त्याची नोकरी तरी गेलेली असते, नाहीतर त्याने तिकडे लग्न तरी केलेलं असतं. मावशीने दुसरी शक्यता मनात धरून देवापुढे दिवा लावला. मी विन्याला गॅलरीत नेलं.

“दादा,” तो हळूच म्हणाला, “मला गाडी चालवायला बंदी आहे. चौदा महिने. त्यातले चार झाले.”

झालं होतं असं, की ऑफिसातल्या कुणाचा तरी निरोपसमारंभ होता. विन्याने दोन ग्लास बिअर घेतली आणि तिसरा आग्रहाने घेतला. (आग्रह ही फक्त आपल्या पंगतीतली गोष्ट आहे, असा माझा उगाचच समज होता.) रात्री अकराला घरी जाताना पोलिसांनी थांबवून नळीत फुंकायला लावलं. ही फुंकण्याची पद्धत त्यांच्याकडे १९६७ सालापासून आहे, त्यामुळे हात चांगलाच बसलेला. शंभर मिलिलीटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅमपर्यंत अल्कोहोल तिथे चालतं. विन्याच्या श्वासात ५४ निघालं. मग कोर्ट, दंड आणि बंदी. पहिल्यांदा सापडला तरी कमीत कमी बारा महिने. अगदीच विशेष कारण असल्याशिवाय न्यायाधीशालाही त्याखाली येता येत नाही. दहा वर्षांत पुन्हा सापडलात तर तीन वर्षं. घासाघीस नाही. फक्त दारू आणि गाडी यांचा संबंध समजावून सांगणारा एक वर्ग असतो. कोर्टाने परवानगी दिली आणि फी भरून तो पुरा केला, की पाव शिक्षा माफ होते. विन्या दहावीनंतर प्रथमच मन लावून शिकत होता.

“मग तुझं इथलं लायसन?”

त्याने पाकिटातून काढून दाखवलं. शाबूत होतं. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

“हे महाराष्ट्राने दिलेलं. तिथलं कोर्ट ते कसं रद्द करणार? त्यांनी एवढंच सांगितलं, आमच्या रस्त्यावर नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. “अरे मग झालं तर! बंदी तिथल्या रस्त्यावर आहे. पुणे-सातारा रस्ता त्यांच्या ताब्यातून १९४७ सालीच सुटला. चालव की!”

विन्या म्हणाला, “दादा, बंदी रस्त्याला घातलीय की मला?”

माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. तरी रात्रभर तो डोक्यात राहिला. मी बँकेत लागलो तेव्हा शाखाशाखांत जाडजूड लेजरं होती. एका शाखेत कर्ज थकवलेला गृहस्थ दुसऱ्या गावच्या शाखेत जाऊन ताठ मानेने खातं उघडायचा आणि आम्ही त्याला वर चहा पाजायचो. पुढे सगळं कॉम्प्युटरवर आलं, सिबिल आलं आणि बुडवणाऱ्यांचा भूगोल संपला. आता अकोल्यात हप्ता चुकवलेल्या माणसाला पुण्यातही खुर्ची मिळत नाही. गाडी चालवणाऱ्यांचं लेजर मात्र देशोदेशी अजून वेगळंच आहे. ब्रिटन आणि आयर्लंड या दोन शेजाऱ्यांनी २०१० साली एकमेकांची बंदी मानायला सुरुवात केली, मधे खंड पडला तो सोडून द्या. आपल्यात आणि त्यांच्यात तसला करार नाही. विन्याचं पाप मुंबईच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या हद्दीबाहेर गेलं.

आणि गंमत बघा. आमच्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडला की पाप लागायचं, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. आता समुद्र ओलांडला की पाप धुतलं जातं! समुद्राचंही सोडा, १८९० साली पुण्यातच पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला, म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. चहा! फुंकायची नळी नसताना पुण्याला तो कळला होता.

दुसरी गंमत मापाची. शंभर मिलिलीटर रक्तात इंग्लंडमध्ये ८० मिलिग्रॅम चालतं, आपल्याकडे ३०. म्हणजे त्यांनी विन्याला त्यांच्या उदार मापाने पकडलं. आपल्या मापाने तो तिसऱ्या ग्लासाच्या पुष्कळ आधीच आत असता. असता म्हणजे कायद्याच्या पुस्तकात. २०१९ पासून आपल्याकडे पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे आणि ते वाचायला फार चांगलं आहे.

सकाळी चहाच्या वेळी मी पुन्हा विषय काढला. मावशी देवळात गेली होती.

“हे बघ, तू आता शुद्धीवर आहेस ना? मग धोका कसला?”

“शुद्धीवर तर मी तिकडेही रोज असतो. तरी चालवू देत नाहीत. एकदा मी कधी थांबायचं ते मला कळलं नाही, म्हणून आता वर्षभर माझ्यावर विश्वास नाही, असं आहे ते. तिथल्या सरळ रस्त्यावर ज्याचा विश्वास नाही, तो खंबाटकी घाटात तुम्हा चौघांना घेऊन जाणार?”

“पण शिक्षा तिथली, ती तू तिथे भोगतोयस. इथे तू काही केलेलं नाहीस.”

“मी इथे असताना पार्टीहून कसा यायचो, तुला माहीत नाही का?”

मला माहीत होतं. त्या गाडीत मागच्या सीटवर मीही असायचो.

मी शेवटचा मुद्दा काढला. “कायद्याने बघशील तर माझं लायसन आणि तुझं लायसन इथे सारखंच आहे. उलट उद्या मी इंग्लंडला गेलो, तर याच लायसनवर मला बारा महिने तिथे गाडी चालवता येईल!” हे खरं आहे. ज्या माणसाला गाडी मागे घेता येत नाही, पुढेही फारशी नेता येत नाही, त्याचं ब्रिटिश कायदा स्वागत करतो. विन्या मात्र फुटपाथवर.

ही इतका वेळ पोह्यांवर खोबरं घालत होती. म्हणाली, “भावजींना पकडलं म्हणून ते विचार तरी करतायत. तुम्हाला कुणी पकडलं नाही ना!”

“मला कशाला पकडतील?”

“साठेसाहेबांच्या सेंडॉफला.”

आमच्या शाखेतल्या साठेसाहेबांच्या निरोपाच्या जेवणाला, सात वर्षांपूर्वी, मीही आग्रहाला बळी पडलो होतो. जेवण सहकुटुंब होतं. मग स्कूटरवरून आम्ही तिघं घरी आलो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, पुढे उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करताना आठवून बघितलं, तर घराअलीकडच्या मोठ्या चौकातला सिग्नल हिरवा होता की लाल, ते मला आठवेना. चौकच आठवेना. हिला विचारायचा धीर झाला नाही. तिनेही कधी सांगितलं नाही. पुढे महिनाभर ती मुलीला घेऊन रिक्षाने जायची, एवढंच. मी ते तिच्या पाठदुखीच्या खाती घातलं होतं.

मला कुणी थांबवलं नाही. फुंकायला लावलं नाही. त्यामुळे माझं पाप कुठल्याच लेजरला चढलं नाही, आणि जे चढलंच नाही ते उतरणार कसं? विन्याचे चौदा महिने पुढच्या वर्षी संपतील. तारीखसुद्धा ठरलेली आहे.

मी पोहे खाल्ले. खोबरं जरा जास्त झालं होतं, पण बोललो नाही.

शनिवारी सकाळी आम्ही स्वारगेटला वाईच्या गाडीत बसलो. विन्याने खिडकीतून रुमाल टाकून सहा जागा धरल्या. ते कसब इंग्लंडमध्ये गंजलेलं नव्हतं. मावशीला काही सांगितलेलं नव्हतं. तिने शेजारच्या बाईंना लगेच हाताशी धरलं.

“हा माझा मुलगा. इंग्लंडला असतो. गाडी दारात उभी आहे, पण म्हणाला, आई, आपण एस्टीनेच जाऊ. इतका साधा राहिलाय हो!”

विन्याने मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

“आणि हे?” बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं.

“हा माझ्या बहिणीचा. ह्याला गाडी येतच नाही.”

“स्कूटर येते,” मी म्हणालो.

ही खिडकीबाहेर बघायला लागली.