पायरीपाशी किती दिवस?

सज्जनहो, पंढरीस गेलेला वारकरी महाद्वारी नामदेव पायरीला हात लावतो, समोर चोखोबांच्या समाधीवर माथा टेकतो आणि मग आत शिरतो. आम्हीही जन्मभर तेच करत आलो. पण त्या समाधीपाशी घटकाभर बसून हिशेब केला, तेव्हा अंगावर काटा आला. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, ते शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ साली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी महाद्वारी आणल्या. आणि चोखोबांच्या जातभाईंना ते द्वार उघडले १९४७ साली. मध्ये ६०९ वर्षे गेली!

या ६०९ वर्षांत टाळ थांबला होता का? मुळीच नाही. चोखोबांचे अभंग आम्ही गायिले, डोळे पुसले, आणि त्यांच्या लेकरांना सांगितले, "बाबांनो, जरा दमाने घ्या. काळ येईल तसे होईल." हे सांगणारे सगळे आतल्या बाजूला उभे होते, बरे का!

कोणी म्हणेल, महाराज, आपला देवच अठ्ठावीस युगे वाट पाहत उभा आहे. खरे. पण पुंडलिक का बसून होता? आईबापांची सेवा हातात होती, ती टाकवेना म्हणून त्याने वीट भिरकावली. थांबला तो देव, भक्ताचे हात कामात होते. आम्ही उलटेच केले. कमरेवर हात ठेवून आम्ही उभे राहिलो आणि काम देवावर टाकले.

याचे फळ काय झाले? नाशिकला काळारामाच्या दारी १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. वर्षामागून वर्षे गेली, दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास त्यांनी धर्म सोडण्याचा निश्चय सांगितला आणि १९५६ साली नागपुरास लाखो माणसांसह बुद्धाला शरण गेले. दार उघडेपर्यंत ज्यांनी पाठ फिरवली, त्यांना दोष आम्ही कोणत्या तोंडाने द्यावा?

पंढरीत साने गुरुजी १ मे १९४७ रोजी उपोषणास बसले. त्याआधी महिनोन्महिने गावोगाव हिंडून त्यांनी लोकांची मने वळवली होती. कायदा होणारच आहे, उपास कशाला, असे म्हणणारे होतेच. गांधीजींनीही उपोषण सोडण्याविषयी तार केली. गुरुजी हलले नाहीत. बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात. एका वारकऱ्याने आपले दार आधी उघडले, मग १० मे रोजी देवाचे उघडले.

आता आमचेच पाप सांगतो. आमच्या दिंडीच्या वाटेवर वेशीबाहेर एक वस्ती आहे. तिथले एक आबा दरसाल आमच्याबरोबर पायी यायचे, फडक्यात स्वतःची भाकरी बांधून. "माउली, एकदा आमच्या वस्तीवर पंगत होऊ द्या की," असे म्हणायचे. आम्ही म्हणायचो, "आबा, यंदा माणसे ऐकायची नाहीत. पुढच्या आषाढीला बघू." अशा सहा आषाढ्या गेल्या. सातव्या वर्षी दिंडी दारावरून गेली, तेव्हा आबांचा ओटा रिकामा होता.

माणसे ऐकायची नाहीत म्हणत होतो खरे, पण विचारले होते कोणाला? एकालाही नाही! त्या रात्री मुक्कामावर विषय काढला. दोघे रुसले, त्यांनी चार दिवस वेगळी चूल मांडली, वाखरीपर्यंत परत आले. बाकीचे म्हणाले, "महाराज, हे एवढ्या उशिरा का विचारता?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

असो. यंदा दुपारची पंगत त्याच वस्तीवर आहे. आबांच्या मुलाने परवा निरोप पाठवला, पाने किती धरू? दिंडीतल्या सर्वांनी आपापली नावे विणेकऱ्यांपाशी लवकर द्यावीत.