वारीचा एक दिवस

पंढरीची वारी म्हटली की मनःचक्षूंपुढे उभी राहते ती दिवेघाटातील भगव्या पताकांची नागमोडी रांग, किंवा रिंगणात दौडणारा माउलींचा अश्व. परंतु आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट अशा एखाद्या क्षणाने सरत नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांचे आळंदीहून प्रस्थान होते, आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी सोहळा पंढरीत प्रवेश करतो. मधले सारे दिवस वारकऱ्याला उठायचे असते, चालायचे असते, भाकरी खायची असते आणि मिळेल त्या जागी पाठ टेकायची असते. घरी पेरणी झालेली असो वा पावसाने ओढ दिलेली असो, शेत पांडुरंगावर सोपवून तो निघालेला असतो.

पहाटे तीनच्या सुमारास तळ जागा होतो. टँकरपाशी, विहिरीवर, नळावर अंधारातच स्नान उरकावे लागते. ओले लुगडे वाळविण्यास सवड कुठली? दोन बाया त्याची दोन टोके धरून चालू लागतात आणि ते वाऱ्यावरच वाळते. पादुकांची पूजा होते, कर्णा वाजतो, राहुट्या उतरतात, सामानाचे ट्रक पुढच्या मुक्कामाकडे धावतात. मग ज्याची दिंडी रथापुढे तो पुढे, ज्याची मागे तो मागे. रथापुढे २७ दिंड्या आणि उरलेल्या रथामागे, हा क्रम ठरलेला आहे. दिंडीतही पताकाधारी, टाळकरी, पखवाजी, विणेकरी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या आपापले स्थान सोडीत नाहीत. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणावयाचे याचाही नेम आहे. आपणास वाटते की वारकरी मनास येईल तसा नाचत-गात जातो. पण त्या नाचण्यालाही ओळ असते.

पुण्याहून सासवडला जाताना ज्येष्ठातील एकादशी येते. वर्षातील बहुधा सर्वांत लांब चाल, त्यात दिवेघाटाची चढण आणि त्यात उपवास! नवख्या वारकऱ्याचे पाय याच दिवशी बोलू लागतात. फोड आलेल्या पायाला तेल लावून देणारा वृद्ध शेजारी त्याला ‘माउली’ म्हणतो आणि तोही उलट ‘माउली’ म्हणूनच त्याच्या पाया पडतो. वय, जात, हुद्दा विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. निदान उरू नये, अशी संतांची अपेक्षा आहे.

दानशूर भाविकांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मोठ्या शहरात एकाच वारकऱ्याच्या हाती चारजण केळी ठेवतात आणि सालींचा खच रस्त्यावर पडतो. तोच वारकरी पुढे एखाद्या लहानशा गावाच्या तळावर घागरभर पाण्यासाठी रांगेत उभा असतो. अन्नदान श्रेष्ठ खरेच; तथापि पाणी, शौचालय, पायाचे औषध आणि पावसात आडोसा यांची उणीव ज्या मुक्कामी आहे तेथे पोहोचलेले दान वारकऱ्याला अधिक उपयोगी पडते.

सायंकाळी सोहळा तळावर येतो आणि सर्व दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात. ही समाज आरतीची वेळ. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार हातातील दंड उंच करून हाक देतात, आणि क्षणार्धात एवढा मोठा तळ निःशब्द होतो. मात्र एखाद्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. परगावाहून आलेल्या भाविकास हे बेशिस्तीचे वाटेल. वस्तुतः ती त्या दिंडीची तक्रार असते. पाण्याचा टँकर आला नसेल, राहुटीला जागा मिळाली नसेल, चालताना क्रमावरून वाद झाला असेल. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, त्यावर तोड काढतात. मगच ते टाळ शांत होतात. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. आरती या सर्वांनंतर.

म्हणजे साक्षात माउलींची आरती एका दिंडीच्या पाण्यासाठी खोळंबते! यात देवाचा अवमान आहे काय? ज्या देवाच्या भेटीला हा समाज निघाला आहे, त्याची कथा आठवावी. पुंडलिक आईवडिलांची सेवा करीत असता भगवंत दारी आले. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. एक वीट पुढे सारली आणि तिच्यावर थांबावयास सांगितले. देव रुसला नाही. कर कटीवर ठेवून तो आजही तेथेच उभा आहे. अशा देवाच्या वाटेवर आरतीने थोडे थांबावे, हे त्याच्याच स्वभावाला धरून नव्हे काय?

सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय हैबतबाबा आरफळकर यांचे. ते शिंदे सरकारच्या पदरी होते. त्यामुळे तळ, कर्णा, क्रम यांत लष्करी वळण दिसते. पण फौजेत शिपायाच्या गाऱ्हाण्यासाठी सेनापती ताटकळत नसतो. ही भर वारकऱ्यांची.

२०२० आणि २०२१ या वर्षी महामारीमुळे पादुका एस.टी. बसने पंढरीस न्याव्या लागल्या. पूजा झाली, आरती झाली, परंपरेत खंड पडला नाही. मात्र तळावर गाऱ्हाणे मांडणारी दिंडीच नव्हती, आणि घरी राहिलेल्या कित्येकांना त्या आरतीची चुटपूट लागून राहिली.

आरती आटोपली की जो तो आपल्या राहुटीकडे वळतो. पिठले-भाकरी होते, कीर्तन होते, जागर करणारे जागर करतात, बाकीचे घोंगडीवर अंग टाकतात. ज्या दिंडीचे टाळ वाजत राहिले होते, तिचा टँकर कधी बराच उशिरा येतो. निजलेल्या माउल्या हंडे घेऊन उठतात, कारण पहाटेच्या स्नानाचे पाणी आताच भरून ठेवले पाहिजे.