वाऱ्याचा बनावट भूतकाळ

खरा वारा कुठूनतरी आलेला असतो. इमारतीवर आदळण्याआधी त्यानं शेतं, झाडं, छपरं ओलांडलेली असतात आणि त्या सगळ्यांनी उठवलेले भोवरे तो सोबत घेऊन येतो. संगणकातल्या सिम्युलेशनमध्ये मात्र वारा एका चौकटीतून आत शिरतो आणि चौकटीपलीकडे काहीच नसतं. सगळा मुलूख गणितात घेणं परवडत नाही. मग त्या चौकटीवरच वाऱ्याला एक भूतकाळ बहाल करावा लागतो. अशा कल्पित भूतकाळावर उभ्या राहिलेल्या उत्तराला खरं कधी म्हणायचं, हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त वाटतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे सरासरी वेगात फासे टाकल्यासारखे चढउतार मिसळणं. सरासरी बरोबर, चढउतारांची तीव्रताही बरोबर. तरी थोडं अंतर जाताच ही खळबळ विझते. खऱ्या भोवऱ्यात शेजारचे बिंदू एकत्र फिरतात, इथे त्यांची एकमेकांशी ओळखच नसते. एकेक आकडा खरा असूनही सगळं मिळून खोटं असू शकतं, ते असं. इतिहास आकड्यांमधल्या नात्यांत असतो.

लुंड, वू आणि स्क्वायर्स यांनी १९९८ साली वेगळी वाट मांडली: भिंतीलगतच्या थरातला पुढचा प्रवाह उचलायचा, मापात बसवायचा आणि पुन्हा प्रवेशद्वारी सोडायचा. यात नाती टिकतात, पण वारा स्वतःचाच बाप होतो. निसर्गात नसलेली आवर्तनं त्यात शिरू शकतात. २००६ साली जॅरिन आणि सहकाऱ्यांनी ठरावीक आकाराचे कृत्रिम भोवरे पेरण्याची पद्धत दिली. त्यातली नाती ढोबळ असतात. ती खऱ्यासारखी व्हायला प्रवाहाला बरंच अंतर जावं लागतं, अनेकदा त्या थराच्या जाडीच्या दहापट किंवा अधिक.

यावर कुणी म्हणेल, पुढे समीकरणं सगळं सुधारून घेणारच असतील, तर सुरुवातीला काय कल्पिलं याची फिकीर कशाला? मला हे पटत नाही. मोठे भोवरे सहजासहजी विरत नाहीत. त्यांचा आकार मी सोयीसाठी लहान धरला, तर छपराला उचलू पाहणाऱ्या झोताचा अंदाज चुकू शकतो. आणि त्या छपराखाली माणसं झोपणार असतात.

म्हणून कल्पना करण्यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही. कुठूनतरी सुरुवात करणं भागच आहे. अप्रामाणिकपणा सुरू होतो तो ती रेघ पुसून टाकल्यावर. भोवऱ्यांचा आकार कशावरून ठरवला, तो बदलून पाहिल्यावर उत्तर किती हललं, आणि प्रवाह सावरेपर्यंतच्या पट्ट्यातले आकडे निष्कर्षातून वगळले का, एवढं तरी उत्तर देणाऱ्यानं न विचारता सांगायला हवं.